बारचा परवाना दीडपर्यंत, मग स्पीकरचा किती वाजेपर्यंत?

तळमजल्यावर रेस्टॉरंट, वर सात मजले घरं. रात्री सव्वाबाराला सोसायटीचे सेक्रेटरी पायात चपला सरकवून खाली उतरतात आणि आवाज जरा कमी करा म्हणून सांगतात. मॅनेजर अगदी नम्रपणे भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवतो, "काका, आपल्याकडे दीडपर्यंतचं लायसन्स आहे." काका परत वर येतात. फ्रेममधला कागद खरा असतो, शिक्का खरा असतो आणि दीडची वेळही खरी असते. फक्त त्या कागदाचा आवाजाशी काडीचाही संबंध नसतो. हे काकांना माहीत नसतं, आणि बरेचदा मॅनेजरलाही नसतं.

"रात्री उशिरापर्यंत दारू आणि संगीत" असा एकच परवाना महाराष्ट्रात मिळत नाही. दारूचा कागद एका खात्याचा, आवाजाचे नियम दुसऱ्याच कायद्यातले, गाण्यांचे हक्क खाजगी संस्थांकडे, आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेचा दाखला अग्निशमन दलाकडे. ड्रायव्हिंग लायसन्स खिशात आहे म्हणून कुणाच्या दारात गाडी आडवी लावता येत नाही, तसंच हे आहे. एक कागद दुसऱ्याचं काम करत नाही.

मुळात दारूला बंदी आहे

वाचून हसू येईल, पण महाराष्ट्रात कायद्याने दारूबंदी आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा (आता नावात महाराष्ट्र आला आहे) आधी सगळ्याला नाही म्हणतो आणि मग परवान्यांच्या खिडक्या उघडतो. विकायचं तर परवाना, वाहून न्यायचं तर परवाना, इतकंच काय, पिणाऱ्याकडेही परवाना हवा. एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभर रुपयांना आणि आयुष्यभराचा हजार रुपयांना. टेबलावर बसलेल्या किती जणांच्या पाकिटात तो असतो, हा प्रश्न शहाण्याने विचारू नये. वयाची अटही वेगवेगळी आहे. बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५.

या उलट्या रचनेचा एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. राज्यघटनेचं ४७वं कलम सरकारला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगतं, आणि १९९४मध्ये खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दारूचा धंदा करणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. वडापावची गाडी लावणाऱ्याला घटनेने धंद्याचं जे स्वातंत्र्य दिलं आहे, ते बारमालकाला या बाबतीत नाही. सरकार त्याला सवलत देतं, आणि दिलेल्या सवलतीला वाटेल तितक्या अटी जोडता येतात. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

रेस्टॉरंटला लागणाऱ्या परवान्याचं नाव एफएल-३. एफएल म्हणजे विदेशी मद्य, आणि कायद्याच्या हिशेबात नाशिक-बारामतीकडे बनलेली व्हिस्कीसुद्धा त्यातच मोडते. हा परवाना असलेल्या जागेला आपण परमिट रूम म्हणतो. बाटली घरी नेण्यासाठीचं वाइन शॉप वेगळं, त्याचा परवाना एफएल-२. वाइन शॉपचे नवे परवाने १९७०च्या दशकापासून बंद आहेत, त्यामुळे जुने परवानेच हस्तांतरित होत फिरतात आणि त्यांची किंमत आकाशाला भिडते. परमिट रूमचं तसं नाही. अटी पुऱ्या केल्या की नवा परवाना मिळतो, म्हणून आपल्या इमारतीखाली अचानक उगवतो तो बहुतेक एफएल-३च.

अर्ज कुठून कुठे जातो

अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. लोक त्याला एक्साइज म्हणतात. त्याआधी जागा मुळात खानावळ म्हणून पक्की हवी. अन्नसुरक्षेचा परवाना, महापालिकेचा आरोग्य परवाना, गुमास्ता (दुकान नोंदणीचा कागद), अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, बांधकामाची कागदपत्रं. मग निरीक्षक जागेवर येतो, नकाशा पडताळतो, शाळा आणि धार्मिक स्थळापासूनचं अंतर मोजतो. अर्जदाराची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. अहवाल अधीक्षकांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि परवाना त्यांच्या नावाने निघतो. आत दारू वाढणाऱ्या वेटरसाठीही एक्साइजचा कागद लागतो, त्याला नोकरनामा म्हणतात. हे सगळं दर वर्षी ३१ मार्चला संपतं आणि शुल्क भरून पुन्हा सुरू होतं. शुल्क गावाच्या लोकसंख्येनुसार ठरतं.

महामार्गाच्या अंतराची आठवण अनेकांना असेल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर पुढे २२० मीटर झालं, आणि जुलै २०१७मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की शहरांच्या हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश आडवा येत नाही. शहरातल्या रस्त्यांवरचे बार परत उजळले ते त्यानंतर.

या प्रवासात नकाशाला सर्वांत जास्त महत्त्व आहे, आणि सर्वांत कमी लोक तो पाहतात. मंजूर नकाशात दाखवलेल्या जागेतच दारू देता येते. समोरच्या मोकळ्या जागेत मांडलेली चार टेबलं किंवा गच्चीवर टाकलेला मांडव नकाशात नसेल, तर आत सगळं कायदेशीर असूनही बाहेरचा प्रत्येक पेला बेकायदा ठरतो.

दीड वाजले ते कुणाच्या घड्याळात

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत परमिट रूमची वेळ रात्री दीडपर्यंत आहे. मग "महाराष्ट्रात चोवीस तास दुकानं" ही बातमी काय होती? २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने चोवीस तास उघडं राहायची मुभा दिली खरी, पण दारू देणाऱ्या जागांना त्याच वेळी अधिसूचना काढून बाहेर ठेवलं. जानेवारी २०२०मध्ये मुंबईत मॉल आणि गिरण्यांच्या आवारांतली हॉटेलं रात्रभर सुरू ठेवायचा गाजावाजा झाला, तेव्हाही दारू दीडलाच थांबायची होती. ऑक्टोबर २०२५मध्ये सरकारने पुन्हा तेच स्पष्ट केलं. बिर्याणी पहाटे चारला मिळू शकते, बिअर नाही.

नाताळ आणि वर्षअखेर हा अपवाद. २४, २५ आणि ३१ डिसेंबरला बारना पहाटे पाचपर्यंत मुभा देणारा आदेश जवळपास दर वर्षी निघतो. पण त्याच ३१ डिसेंबरला उघड्यावरच्या लाउडस्पीकरला सूट मिळाली तर ती फक्त रात्री बारापर्यंत असते. एकाच रात्री, एकाच जागेला दोन वेगळी घड्याळं. हे एवढं जरी कळलं, तरी मॅनेजरच्या फ्रेमचा अर्थ उलगडतो.

"पण दहानंतर स्पीकर बंद असतात ना?"

हो आणि नाही. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २०००चे. त्यांच्या लेखी रात्र दहाला सुरू होते आणि सकाळी सहाला संपते. या काळात लाउडस्पीकर किंवा कोणतंही ध्वनिवर्धक वाजवायला मनाई आहे. गणपती, नवरात्रासारख्या दिवसांसाठी राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यापलीकडे नाही.

मग पब दीडपर्यंत कसे वाजतात? नियमातच एक दार आहे. बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकण्यासाठी, रात्रीही ध्वनिवर्धक चालतो. तिथे सभागृह, परिषदेची खोली, मंगल कार्यालयासारखा बंद हॉल अशी उदाहरणं दिलेली आहेत. रेस्टॉरंट याच दारातून आत शिरतं. म्हणजे दहानंतर संगीत वाजवायचा त्याचा सगळा आधार "बंदिस्त" या अटीवर आहे. काचेची सरकती दारं उघडी टाकली, गच्चीवर कापडी छत घातलं, धूम्रपानासाठी मागचं दार सताड उघडं ठेवलं, की तो आधार गेला. दारूचा परवाना मात्र तसाच शाबूत.

आणि बंदिस्त असलं तरी बाहेर पोचणाऱ्या आवाजाला मर्यादा आहेच. रात्री निवासी भागात ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ४०. समोरासमोर बसून साधं बोलणं साठच्या आसपास जातं, यावरून हे आकडे किती खालचे आहेत ते कळेल. मुंबईतल्या एखाद्या हमरस्त्यावर एकही बार नसताना रात्री पंचावन्न ओलांडले जातात. मालकाचा वकील हेच सांगतो, की साहेब, हा आवाज रिक्षांचा आहे. तो दर वेळी खोटं बोलत असतो असंही नाही.

खाली दुकानं आणि वर घरं असलेली इमारत निवासी की व्यापारी? अशा मिश्र भागाला चारपैकी कोणत्या तरी एका वर्गात घालायचा अधिकार सक्षम प्राधिकरणाला आहे. दहा डेसिबलचा सगळा फरक त्या वर्गवारीत असतो. डेसिबलचं गणित साधी बेरीज नसतं. दहा वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

मीटर म्हणतो ठीक आहे, पण पलंग हलतोय

तक्रार केल्यावर पोलीस किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं मीटर घेऊन येतात, मोजतात आणि "मर्यादेत आहे" म्हणून जातात, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. लगेच हात ओले झाल्याची शंका येते. पण मीटर अगदी प्रामाणिक असतानाही असं होऊ शकतं. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण रेस्टॉरंट आणि वरचे मजले यांच्यातलं निम्मं भांडण इथे अडकलेलं असतं.

नियमातले आकडे साध्या डेसिबलचे नाहीत, ते "ए" मोजपट्टीचे आहेत. आपल्या कानाला मध्यम पट्टीतले आवाज स्पष्ट ऐकू येतात आणि अगदी खालच्या पट्टीतले कमी. म्हणून ही मोजपट्टी खालच्या आवाजांना मुद्दाम कमी गुण देते. ढोलाच्या ठेक्यासारखा, सेकंदाला ६३ कंपनांचा घुमणारा आवाज घ्या. त्यातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. तुमच्या झोपायच्या खोलीत असा ७० डेसिबलचा घुमार पोचत असेल, तर मीटर दाखवणार ४४. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५. कागदावर सगळं आलबेल, आणि कपाटातल्या स्टीलच्या पेल्यांना कंप सुटलेला.

शिवाय हाच आवाज अडवायला सर्वांत अवघड. शब्द, सूर, बासरी हे सगळं भिंतीने आणि काचेने बरंचसं अडतं. घुमार मात्र काँक्रीटमध्ये शिरतो आणि खांबांतून वर चढतो. सबवूफर म्हणजे फक्त घुमारासाठीचा मोठा स्पीकर. तो जमिनीवर ठेवला किंवा छताला बोल्टने घट्ट आवळला, की सगळी इमारत त्याच्या पेटीचा भाग होते. तिसऱ्या मजल्यावर गाणं कोणतं ते कळत नाही, ठेका मात्र प्रत्येक कळतो.

म्हणून "आवाज कमी करा" ही मागणी कमी कामाची आहे. मॅनेजर कमी करतो आणि वीस मिनिटांनी डीजे पुन्हा वाढवतो. मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. सबवूफर रबरी आधारांवर घ्या, छतापासून सोडवा. दाराला मधे जागा सोडून दुसरं दार लावा. आणि लिमिटर बसवा. हे यंत्र ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊच देत नाही, आणि त्याच्या पेटीची किल्ली डीजेच्या हाती द्यायची नाही. रेस्टॉरंटच्या एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ असते. तरीही ती आधी क्वचितच खर्च होते, कारण सजावट करणाऱ्याला ग्राहक विचारतो दिवे कसे दिसतील, आणि वरच्या मजल्याचा विचार करणारं त्या बैठकीत कुणीच नसतं.

ॲपचे पैसे भरलेत, मग गाण्याचे पुन्हा कसले?

ॲपची वर्गणी तुमच्या वैयक्तिक ऐकण्यासाठी असते. धंद्याच्या जागी वाजवणं हे कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) नजरेत सार्वजनिक सादरीकरण. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. गीतकार-संगीतकारांच्या रचनेचा एक, आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिल्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी वसुली करते, दुसऱ्यासाठी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड आणि इतर कंपन्या. कुणी कोणत्या हैसियतीने आणि किती पैसे मागायचे, यावर मुंबई-दिल्लीच्या उच्च न्यायालयांत आणि २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयातही रण पेटलेलं आहे. रहिवाशांना त्यात पडायचं कारण नाही. फक्त "आमच्याकडे म्युझिकचं लायसन्स आहे" असं कुणी म्हणालं, तर बहुतेक वेळा तो या वसुलीच्या पावतीबद्दल बोलत असतो. आवाजाशी तिचाही संबंध नाही.

गायक किंवा वाद्यवृंद बसवायचा असेल तर आणखी एक परवाना, पोलिसांचा. ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात मंचावर बायका किती आणि पुरुष किती याचीही अट असायची. चार आणि चार. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये ती रद्द केली.

एवढे कागद, मग माणसं मरतात कशी?

२९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली आणि १४ जण गेले. ६ डिसेंबर २०२५च्या रात्री गोव्यात हडफडे इथल्या नाइटक्लबमध्ये २५ जण गेले. त्यांत बहुतेक तिथेच काम करणारे होते. गोव्याची परवाना-व्यवस्था वेगळी आहे, तिथे पंचायतीचा शब्द मोठा. पण दोन्ही ठिकाणी चौकशीत तेच निघालं. मंजुरीबाहेरचं बांधकाम, बाहेर पडायच्या अपुऱ्या वाटा, आणि एकमेकांच्या फायली न वाचणारी खाती.

पुण्यात १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा, आणि त्याआधी त्याला दारू दिली गेल्याचं तपासात पुढे आलं. कायद्यात पंचविशीची अट होती, परवाने होते, नोकरनामे होते. त्यानंतर एक्साइजने बारना टाळं ठोकलं आणि महापालिकेने अनधिकृत शेड पाडल्या. त्या शेड आदल्या आठवड्यातही तिथेच उभ्या होत्या. माझ्या मते आपल्याकडे नियम कमी नाहीत, ते वाचायची वेळ मात्र नेहमी दुर्घटनेनंतरच येते.

"धंदेवाल्याने किती उंबरे झिजवायचे?"

हा आक्षेप खरा आहे. सरळपणे परमिट रूम चालवणाऱ्याला डझनभर दारांवर जावं लागतं, आणि प्रत्येक दारी जाणाऱ्याचा वेळ आणि बाकीचंही बरंच काही खर्च होतं. त्यात परवाना शुल्क, व्हॅट आणि उत्पादन शुल्क एकापाठोपाठ वाढलं. त्याच्या निषेधार्थ "आहार" या हॉटेलचालकांच्या संघटनेने १४ जुलै २०२५ला बार बंद ठेवले होते. रात्रीच्या रस्त्यावर वर्दळ असली की बायकांना सुरक्षित वाटतं आणि पोरांना रोजगार मिळतो, हेही खोटं नाही. पण यातला एकही मुद्दा उघड्या गच्चीवरच्या स्पीकरची बाजू घेत नाही.

सोसायटीला कुणी विचारतं का?

गावात दारूच्या परवान्याआधी ग्रामसभेचा ठराव लागतो. शहरात तितकं सरळ नाही. मार्च २०२५मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं, की नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवं बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल. लक्षात घ्या, बोलणं दुकानांबद्दल होतं. दुसरा मार्ग आडव्या बाटलीचा. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की परवाने बंद. झालेल्या मतदानापैकी निम्म्या मतांवर भागत नाही, एकूण मतदारांपैकी निम्मी लागतात. शहरी वॉर्डात हा डोंगर चढणं महाकठीण.

मग काकांनी कुणाचं दार वाजवायचं

दीडनंतर दारू दिली जाते, अल्पवयीनांना दिली जाते, नकाशाबाहेरच्या जागेत दिली जाते, ही तक्रार एक्साइज अधीक्षकांकडे. जिल्हाधिकारी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. मालक त्यावर आयुक्तांकडे आणि पुढे सरकारकडे दाद मागतो आणि बरेचदा स्थगिती आणतो, म्हणून फायलीत तारखांसह कागद असणं महत्त्वाचं.

आवाजाची तक्रार पोलिसांकडे, त्या क्षणी ११२ वर. इथे एक बारकावा उपयोगी पडतो. रात्रीच्या बंधनाचा भंग झाला असेल, म्हणजे गच्चीवर किंवा उघड्या दाराशी दहानंतर स्पीकर सुरू असेल, तर तक्रार करायला डेसिबलचा आकडा हाती असावा लागत नाही. उघडं दार दिसणारा, वेळ नोंदलेला व्हिडिओ पुरतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३८वं कलम पोलिसांना त्रासदायक संगीत थांबवायचा अधिकार देतं. त्रास कायमचाच असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२व्या कलमाखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे उपद्रव हटवण्याचा अर्ज करता येतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३वं कलम ते हेच. गच्चीवरचं बांधकाम आणि बंद केलेला जिना हा विषय महापालिका आणि अग्निशमन दलाचा. तिथे माहिती अधिकारात मंजूर नकाशा मागवा, आणि तो हातात घेऊन एकदा खाली चक्कर मारा.

आणि पत्र जानेवारी-फेब्रुवारीत द्या. परवाना ३१ मार्चला संपतो. एप्रिलमध्ये आलेली तक्रार वर्षभर टेबलावर पडून राहते. नूतनीकरणाच्या तोंडावर आलेली तक्रार मालकाला स्वतः धावत सोसायटीच्या ऑफिसात आणते. तो आला की चहा द्या आणि लिमिटर, दुसरं दार, रबरी आधार आणि गच्ची दहाला बंद, एवढ्या चार अटी लिहून त्याची सही घ्या.